दामले बाईंचा कोरा नकाशा

आमच्या आमदारांना त्यांच्याच संपर्क कार्यालयात, कार्यकर्त्यांच्या देखत ‘अरे’ म्हणणारी एकच व्यक्ती मी पाहिली. दामले बाई. गेल्या महिन्यात त्या गेल्या. आमदार भेटायला आले तेव्हा बाईंच्या हॉलमधल्या खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून ते दाराशी सतरंजीवर बसले. कोणीतरी उठू लागलं, तर म्हणाले, “राहू द्या. बाईंच्या वर्गात मी बहुतेक वेळ दाराशीच असायचो.” सगळे जरासे हसले. निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, “आता नकाशा कोण आणणार?”

बाई नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. सगळी नोकरी त्यांनी एकाच शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, म्हणून मला त्या ‘ग्रंथपाल’ म्हणायच्या. मी निवृत्त झाले, तरी हाक तीच राहिली. आवाज बारीक, पण धारदार. एकदा घरपोच सामान आणणाऱ्या मुलाने जिन्यातून फोन केला, “आजी, लोकेशन पाठवा ना.” बाई म्हणाल्या, “पाठवायला ते हलतं का रे? इथेच आहे. तू ये.”

त्यांचे यजमान, दामले काका, अगदी उलट. शांत, रुंद खांद्यांचे, बोलताना समोरच्याकडे न बघणारे. ते एका संस्थेच्या पोहण्याच्या टँकवर पर्यवेक्षक होते. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांना त्यांनी पोहायला शिकवलं होतं. पोट धरून पाण्यावर आडवं करायचे आणि म्हणायचे, “मी सोडलेलं नाही, मी सोडलेलं नाही,” आणि केव्हा सोडलं ते मुलाला कळायचंही नाही.

त्या टँकवर एका संध्याकाळी एक विद्यार्थी बुडाला. निखिल वानखडे. यवतमाळकडून इंजिनिअरिंगला आलेला, पोहायला नुकताच शिकू लागलेला. काका त्या वेळी क्लोरीनच्या खोलीत होते. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की लाइफगार्ड आलेला नसताना काकांनी बॅच पाण्यात सोडली. लाइफगार्डनेही तेच सांगितलं, की मी पोचलोच नव्हतो. काका म्हणत होते, तो आला होता, मी त्याला शिडीपाशी पाहिलं, मगच आत गेलो. खालच्या कोर्टाने लाइफगार्डवर विश्वास ठेवला आणि काकांना निष्काळजीपणाबद्दल कैदेची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात अपील केलं, शिक्षेला स्थगिती मिळाली, काका जामिनावर घरी राहिले.

त्यानंतर ते टँकच्या रस्त्याने कधी गेले नाहीत. घरात बादलीसुद्धा काठोकाठ भरू देत नसत. एकदा गॅलरीत बसलेले असताना ते मला म्हणाले, “एक विचारू? मी त्या लाइफगार्डला खरंच पाहिलं का, की रोज तिथे पाहायचो म्हणून पाहिल्यासारखं वाटलं? आता मलाच सांगता येत नाही. कोणीतरी सगळं वाचून सांगायला हवं. हो तर हो. नाही तर नाही.”

ते सांगणारं मात्र कोणी नव्हतं. अपील ज्या कोर्टात होतं तिथल्या न्यायाधीशांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तारखेच्या दिवशी सगळे जमायचे. व्यासपीठावर उंच पाठीची खुर्ची, तिच्या पाठीवर स्वच्छ पांढरा टॉवेल. खाली बसलेला कारकून पुढची तारीख सांगायचा आणि लोक उठायचे. एकदा बाईंनी त्याला विचारलं,

“नवीन साहेब कधी येणार?”

“नेमणूक झाली की येतील.”

“कोण करतं नेमणूक?”

“वरून होते, बाई.”

“वर म्हणजे कुठे? भूगोल शिकवलाय मी. नीट दिशा सांगा.”

कारकून हसला. बाई हसल्या नाहीत.

त्या कोर्टाच्या बाकावर एका टोकाला वानखडे बसायचे, निखिलचे वडील. अपिलाला त्यांनी आलंच पाहिजे असं नव्हतं. तरी ते यायचे. रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून पहाटे वाघोलीला उतरायचे, तिथून पीएमटीने शहरात. धोतर, सदरा, टोपी, आणि मांडीवर कापडी पिशवी. दुसऱ्या टोकाला काका आणि त्यांच्या शेजारी बाई. पहिली कित्येक वर्षं दोन्ही टोकं एकमेकांशी बोलली नाहीत. मग एका तारखेला खुर्ची पुन्हा रिकामी निघाली, कारकून पुढची तारीख सांगून जेवायला गेला, आणि वानखड्यांना ती नीट ऐकू आली नव्हती. आसपास विचारायला दुसरं कोणी नव्हतं. ते बाईंजवळ येऊन म्हणाले,

“बाई, आज बी नाई का साहेब?”

“नाहीत.”

“मंग मी येऊ कदी?”

बाईंनी तारीख सांगितली. ते “हो जी” म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले. घरी आल्यावर बाई मला म्हणाल्या, “ग्रंथपाल, तो माणूस रात्रभर बसून एक टॉवेल बघायला येतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटातून नकाशांचा गठ्ठा काढला. शाळेत मुलांना भरायला देतात ते जिल्ह्याचे कोरे नकाशे, नुसत्या तालुक्यांच्या रेषा असलेले. कोणत्या कोर्टात न्यायाधीशाची जागा रिकामी आहे हे त्या वकिलांना फोन करून, वर्तमानपत्र वाचून, कधी स्वतः जाऊन बघून शोधायच्या. जिथे सगळ्या जागा भरलेल्या, तो तालुका लाकडी रंगीत पेन्सिलीने हिरवा. जिथे एखादी जरी रिकामी, तो कोरा. पुणे शहर अर्थातच कोरं. हा नकाशा घेऊन त्या लोकप्रतिनिधींकडे जाऊ लागल्या. “निवेदन खिशात जातं,” त्या म्हणायच्या. “नकाशाची घडी घालताना माणूस एकदा तरी बघतो.”

गुडघा दुखायचा म्हणून त्या मला बरोबर न्यायच्या. माझं काम रिक्षा थांबवणं आणि गप्प बसणं. भेटीचे त्यांचे नियम ठरलेले होते. घरून जेवून निघायचं. पुढच्या रांगेत बसायचं नाही, कारण पुढच्या रांगेतल्यांचे फोटो काढून त्यांना लवकर वाटेला लावतात. आणि चहा कधी नाकारायचा नाही. “हातात कप आहे तोवर कोणी ‘बरं मग’ म्हणत नाही.” त्या इतक्या सावकाश चहा प्यायच्या, की मी कितीदा माझा रिकामा कप तोंडाला लावून बसायची.

पहिल्यांदा आम्ही नगरसेवकाकडे गेलो. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “यात आपल्या ड्रेनेजची लाइन कुठे आहे?” बाई म्हणाल्या, “सगळीकडे आहे. झाकण तेवढं नाही.” तो बिचारा मोकळेपणाने हसला आणि त्यानेच आम्हाला आमदारांची वेळ काढून दिली.

आमदार म्हणजे बाईंचा विद्यार्थी अवधूत. बाई आत शिरताच तो उठून उभा राहिला, म्हणून भोवतीचे पण उठले.

“बस रे. तुम्हा लोकांना खुर्ची रिकामी राहिलेली आवडत नाही म्हणे?”

“कुठली खुर्ची, बाई?”

“तुझी नव्हे, घाबरू नकोस. न्यायाधीशाची.”

त्याने नकाशा पाहिला. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “बाई, न्यायाधीश आम्ही नाही नेमत. ते हायकोर्टाचं काम असतं, परीक्षा असतात, बरंच असतं.”

“ठाऊक आहे. पण नव्या जागा मंजूर कोण करतं? पगाराची तरतूद कोण करतं? आणि उशीर का होतोय हे सभागृहात उभं राहून कोण विचारू शकतं? तू नेमू नकोस. तू विचार.”

“विचारतो.”

“शाळेतही असंच म्हणायचास.”

त्याने त्या अधिवेशनात विचारलं नाही. पुढच्याही नाही. रस्ते होते, पाणी होतं, त्याच्या पक्षाचं काहीतरी चाललेलं होतं. बाई जात राहिल्या. खासदारांच्या कार्यालयात गेल्या, तिथे त्यांचे मदतनीस प्रत्येक वेळी नवा नकाशा मागून घ्यायचे, कारण जुना सापडायचा नाही. “चांगलं आहे,” बाई म्हणायच्या. “दर वेळी ताजा मिळतो त्यांना.”

मग काकांची तब्येत ढासळली. हृदय थकलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्याला फारसा उपाय नव्हता. हे अवधूतच्या कानावर गेलं. पुढच्या भेटीत त्याने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

“बाई, नकाशा राहू द्या. मला काकांचा केस नंबर द्या. दुसऱ्या कोर्टात वर्ग करून घेऊ, लवकर सुनावणी लागेल. माझी ओळख आहे. एक फोन करतो.”

बाईंच्या हातात कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

“दुसऱ्या बाजूचा माणूस यवतमाळकडून येतो,” त्या म्हणाल्या. “त्याच्यासाठी कोण फोन करणार आहे?”

“बाई, कोणाचं नुकसान नाही यात. निकाल काय द्या ते थोडंच सांगणार आहे मी? फक्त ऐका म्हणायचं.”

“तेच तर तोही म्हणतोय. आमच्यासारखे कितीतरी म्हणतायत. सगळ्यांसाठी विचार अवधूत, नाहीतर विचारू नकोस.”

आणि त्या उठल्या. चहा अर्धा राहिला. इतक्या भेटींत तेवढा एकच.

घरी काकांना त्यांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी तिथेच होते, मला उठून जावंसं वाटत होतं, पण मधूनच उठणंही बरं दिसलं नसतं. काका बराच वेळ गॅलरीच्या गजांकडे बघत राहिले.

“एक फोन केला असता त्याने,” ते म्हणाले, “तर काय बिघडलं असतं?”

“उद्या निकाल तुमच्या बाजूने लागला असता, तर तो फोनमुळे लागला असं तुम्हालाच वाटत राहिलं असतं.”

“वाटलं असतं तर वाटलं असतं. ऐकायला तरी मिळालं असतं, विजया.”

बाईंना नावाने हाक मारलेली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. आत जाऊन त्यांनी कुकर लावला.

काका थंडीत गेले. सकाळी चहा घेतला, उन्हात खुर्ची ओढली आणि तिथेच. अपील तसंच होतं. खुर्चीवर टॉवेल तसाच होता.

वकील म्हणाले, माणूस गेला की असं अपील संपतं. शिक्षा भोगायलाच कोणी उरत नाही. मात्र जवळच्या नातेवाइकाने मुदतीत अर्ज केला तर कोर्ट ते पुढे चालवू देतं. “पण कशाला, बाई? आता काय मिळणार?” बाईंनी फक्त “अर्ज करा” एवढंच सांगितलं. पुढच्या तारखेला आम्ही गेलो तेव्हा वानखडे आपल्या टोकाला बसलेले होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

“दामले साहेब नाई आले?”

“गेले ते,” बाई म्हणाल्या.

वानखडे उठले, टोपी काढून हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. कारकुनाने तारीख सांगितली तरी उभेच होते. त्या दिवसापासून बाई आणि ते बाकावर जरा जवळ बसू लागले, पण मधे एक जागा सोडून. गर्दी असली तरी ती जागा दोघं धरून ठेवायचे. कोणी बसायला आलं की वानखडे पिशवी ठेवायचे किंवा बाई आपली छत्री. त्यावर त्यांच्यात काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

बाई पुन्हा नकाशे रंगवू लागल्या, पण आता बोलणं कमी झालं होतं. एकदा अवधूतच्या कार्यालयाबाहेर रांगेत बसलो असताना त्यांनी समोर बघतच विचारलं, “ग्रंथपाल, मी ह्यांच्यासाठीचा तेवढा एक फोन अडवला ना?” थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “पुन्हा वेळ आली तरी नाहीच म्हणेन. त्याचाच तर त्रास आहे.”

सभागृहात प्रश्न शेवटी विचारला तो वाघोलीच्या बाजूच्या एका आमदारांनी. बाईंचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. वानखडे तिथे उतरतात, म्हणून बाईंना वाटलं, तिथल्या माणसालाही सांगावं. आम्ही गेलो तेव्हा आमदारांच्या घरापुढच्या मांडवात माणसं, मोटारी, कडेला दोन म्हशी. आमदार खुर्ची ओढून बाईंसमोर बसले.

“बाई, माझा सोताचा वाटणीचा दावा कोर्टात हाय. आज्यानं घातलेला. आता माझा नातू विचारतो, जज कोण हाय?” मांडवातली माणसं हसली. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. “आन् हा आमचा तालुका पांढराच का ठिवलाय?”

“तिथे एक जागा रिकामी आहे.”

“मग रंगवा की.”

बाईंनी पर्समधून हिरवी पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. “मला येत नाही तो रंगवता. तुम्ही रंगवा.”

आमदारांनी पेन्सिल घेतली, जरा वेळ पाहिली आणि सदऱ्याच्या खिशाला लावली. पुढच्या अधिवेशनात त्यांनी रिकाम्या जागांबद्दल विचारलं. मग अवधूतनेही उठून त्याला जोड दिली. त्यामुळे नेमणुका झाल्या की त्या तशाही व्हायच्याच होत्या, मला माहीत नाही. बाई श्रेय घेत नसत. पण एका तारखेला आम्ही कोर्टात शिरलो आणि खुर्चीवर टॉवेलच्या पुढे माणूस होता. तरुण महिला न्यायाधीश, चष्मा लावलेल्या, समोर कागदांचे ढीग. बाईंनी दारातच माझा हात धरला.

सुनावणी झाली आणि काही आठवड्यांनी निकाल लागला. त्या दिवशी बाई काठाची साडी नेसून आल्या होत्या. वानखडे धुतलेला सदरा घालून. मधली जागा सोडलेली. न्यायाधीशांनी निकालाचा शेवटचा भाग वाचला. बाईंना एक कप चहा प्यायला लागायचा त्याहून कमी वेळ लागला. लाइफगार्ड केव्हा पोचला याबद्दलचा पुरावा परस्परविरोधी आहे. कैलासवासी दामले यांना संशयाचा फायदा देऊन दोषमुक्त करण्यात येत आहे. मग पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

बाई उठल्या नाहीत. “एवढंच?” त्यांनी मला विचारलं. “एवढंच होतं?”

बाहेर व्हरांड्यात वानखडे थांबले होते. “बाई, मला समजलं नाई. सुटले ना साहेब?”

“सुटले.”

“मंग माह्या पोराचं… कोनाचं चुकलं म्हन्ले?”

आयुष्यभर वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईंना एक वाक्य जुळवायला वेळ लागला. “संशयाचा फायदा म्हणजे…” त्या म्हणाल्या, “नक्की काय झालं ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या त्या.”

वानखड्यांनी मान हलवली. “इतकी वर्सं तं मी बी तेच म्हनत होतो, जी.”

कोणाच्याही आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ‘हो तर हो, नाही तर नाही’ म्हणणारे काका मला आठवले. बाईंनाही तेच आठवत असणार. त्यांनी छत्री काखेत धरली आणि म्हणाल्या, “यांना गाडीत बसवून येऊ. आता पुन्हा यायचे नाहीत ते.”

आम्ही रिक्षाने वाघोलीला गेलो. संध्याकाळ झाली होती. नगर रस्त्यावर कॉलेजं सुटून मुलांचे थवे उभे होते, पाठीवर सॅक, कानात वायर, कोणी गावी निघालेलं. वानखडे एकेका मुलाकडे बघत होते. ट्रॅव्हल्स थांबतात तिथे लोखंडी बाक होता. दोघं त्यावर बसले. बाईंनी डबा काढून त्यांना दिला, पोळीभाजी होती. त्यांनी तो उघडला नाही, पिशवीत जपून ठेवला. मी पाणी आणायला समोरच्या दुकानात गेले.

परत येताना मला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं, मोटारी संपत नव्हत्या. तिथून ते दोघं मला दिसत होते. बाक लहान होता, भोवती मुलं उभी होती, तरी दोघांच्या मधे एक जागा मोकळी होती. बाई गेल्या म्हटलं की मला त्यांचं आजारपण आठवत नाही, शेवटचे दिवस आठवत नाहीत. मला त्या तिथे दिसतात, काठाची साडी, मांडीवर छत्री. सॅक सावरत एक मुलगा बाकापाशी आला आणि वाकून त्याने विचारलं,

“आजी, इथे कोणी आहे का?”

बाईंनी वानखड्यांकडे पाहिलं. वानखड्यांनी पिशवी उचलून हळूच त्या जागेवर ठेवली.

“हो,” बाई म्हणाल्या. “आहे.”